कब्बनसाहेबांची घरे

बंगळूरच्या दक्षिणेस जे. पी. नगरात राहणारा मनुष्य मेट्रोने निघाला आणि मॅजेस्टिकला त्याने गाडी बदलली, की थोड्याच वेळात कब्बन पार्कचे स्थानक येते. रोज हजारो प्रवाशांच्या तोंडी असलेले हे नाव एका खेड्यातल्या पाळकाच्या मुलाचे आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

मार्क कब्बन यांचा जन्म १७७५ साली आइल ऑफ मॅन या छोट्या बेटावर झाला. वडील मॉघोल्ड गावच्या मंडळीचे पाळक. मामा मार्क विल्क्स कंपनीच्या चाकरीत होते. पुढे तेच म्हैसूरचे रेसिडेंट झाले, आणि ते सेंट हेलेनाचे गव्हर्नर असतानाच कैदी नेपोलियनला त्या बेटावर आणण्यात आले. अशा मामाच्या आधाराने भाचा १८०० साली मद्रासच्या फौजेत दाखल झाला.

१८३१ साली नगर भागातील रयतेच्या बंडाचे निमित्त करून कंपनीने म्हैसूरचा कारभार महाराज तिसरे कृष्णराज वडियार यांच्याकडून काढून घेतला व कचेऱ्या बंगळुरास आणल्या. १८३४ पासून १८६१ पर्यंत तेथे कमिशनर म्हणून कब्बन यांचा शब्द अखेरचा होता. त्यांनी रस्ते बांधले आणि ७६९ किरकोळ कर रद्द केले. लग्न लागले, मूल जन्मले, त्याचे नाव ठेवले, जावळ काढले, तरी पूर्वी सरकारात पैसा भरावा लागे! सरकारी लिखापढी कानडीबरोबर मराठीतही चाले, कारण शहाजीराजांच्या जहागिरीपासून मराठी कारकुनांची वस्ती त्या मुलखात रुजलेली होती. राज्य परत मिळावे म्हणून महाराजांनी केलेले अर्ज मात्र वर्षानुवर्षे निष्फळ ठरले. कब्बनसाहेबांच्या चांगुलपणावर पडलेली ही सावली पुसता येत नाही.

त्यांनी विवाह केला नाही. जीव होता तो अरबी घोड्यांवर आणि घरांवर. १८४० ते १८४२ या काळात बंगळूरच्या उंच टेकाडावर त्यांनी मोठे निवासस्थान उभारले. उन्हाळ्यासाठी नंदी डोंगरावर बंगला बांधला. आणखी एका हवेलीचे नाव ठेवले बालाब्रुई. आपल्या बेटाच्या मॅन्क्स भाषेत त्याचा अर्थ नदीकाठचे शेत. जवळपास नदी नव्हतीच. नाव बेटाच्या आठवणीने आले असावे.

म्हैसूर मद्रासच्या ताब्यात देण्याच्या हुकुमावरून १८६० साली त्यांनी राजीनामा पुढे केला. तो हुकूम मागे घेण्यात आला. पण शरीर थकले होते. १८६१ च्या आरंभी ते मायदेशी निघाले आणि २३ एप्रिल रोजी सुएझ येथे वाटेतच मरण पावले. घरी पोहोचला तो देह. मॉघोल्डच्या मंडळीच्या आवारात तो पुरण्यात आला.

मागे राहिलेल्या घरांना वारस नव्हता. टेकाडावरचे निवासस्थान त्यांच्या जागी आलेल्या बाउरिंग यांनी सरकारकरिता विकत घेतले. पुढे ती रेसिडेन्सी झाली, आणि आज तेच कर्नाटकाचे राजभवन आहे. नंदीवरच्या बंगल्यात १९२७ व १९३६ साली महात्मा गांधी विश्रांतीसाठी राहिले. बालाब्रुई सरकारी अतिथिगृह झाले; १९२८ च्या जून महिन्यात रवींद्रनाथ ठाकुरांनी तेथेच आपली शेषेर कविता ही कादंबरी पुरी केली. पण पाहुण्यांची वर्दळ म्हणजे घरपण नव्हे. अलीकडे ती वास्तू पाडावी की आमदारांच्या क्लबाला द्यावी, यावर वाद झाले, आणि आवारातील जुन्या वृक्षांसाठी नागरिकांना रस्त्यावर यावे लागले. ज्याने ती बांधली त्याचा उल्लेख त्या वादात ओघानेच येई.

शिल्पकार मारोकेत्ती यांनी घडविलेला कब्बन यांचा अश्वारूढ पुतळा १८६६ साली शहरात उभारण्यात आला. पुढे कितीतरी वर्षे तो कब्बन पार्कात, उच्च न्यायालयाच्या तांबड्या इमारतीसमोर होता. जून २०२० मध्ये तो तेथून उचलून राजभवनाच्या आवारात नेण्यात आला. घर सोडून गेलेले साहेब १५९ वर्षांनी पुन्हा त्याच अंगणात घोड्यावर बसलेले आहेत.