अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

केंद्र शासनाच्या सेवेतील माणूस बदल्यांच्या निमित्ताने देशाच्या निरनिराळ्या भागांत वावरतो. प्रांत बदलला की भाषा बदलते, लिपी बदलते, परंतु एक पाटी बहुतेक सर्वत्र दृष्टीस पडते आणि तिच्यावरचा शब्द मात्र तोच असतो : अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली व हा शब्द खेडोपाडी पोहोचला. आज अशा तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या देशात आहेत. या शब्दामागे आणि त्यामागील कल्पनेमागे एका मराठी स्त्रीचे आयुष्य उभे आहे, हे आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते. म्हणून मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कै. ताराबाई मोडक यांचे स्मरण करणे उचित वाटते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचे आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या सुधारकी वातावरणातले. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. मुलीने प्राथमिक शाळा पुरी केली तरी कौतुक व्हावे, असा तो काळ होता. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. पती नामांकित वकील होते. परंतु संसार सुखाचा झाला नाही व १९२१ मध्ये उभयता कायमची विभक्त झाली. त्या काळी अशा स्त्रीकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहत असेल, हे निराळे सांगावयास नको. ताराबाईंनी नशिबाला दोष देत बसण्याऐवजी नोकरी पत्करली. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या झाल्या. मानाचे पद, स्थिर वेतन, सर्व काही होते.

तथापि १९२३ च्या सुमारास त्यांनी ते पद सोडले व भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सोबतीस त्या गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून ते शिक्षणाकडे वळले होते आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर काढले होते. ताराबाईंची मायबोली मराठी, बालमंदिराची भाषा गुजराती. परप्रांतात जाऊन, तेथील भाषा आपलीशी करून, तेथील मुलांसाठी त्या लिहू लागल्या, शिक्षिका तयार करू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. 'शिक्षण पत्रिका' हे मासिक गुजरातीप्रमाणे पुढे मराठीतही निघू लागले व पालकांच्या हाती पडू लागले.

मूल सद्गुणी कसे होते, हा प्रश्न त्या काळच्या पालकांपुढेही होताच. दयाळूपणा, दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव, मिळून काम करण्याची वृत्ती या गोष्टी उपदेशाने येतात, न आल्यास छडीने येतात आणि आल्यास बक्षिसाने टिकतात, अशी सर्वसाधारण समजूत होती. बालमंदिरातील व्यवस्था या समजुतीच्या अगदी उलट होती. तेथे छडी नव्हती, परीक्षा नव्हती, पहिला-दुसरा क्रमांक नव्हता. मूल आपल्या आवडीचे साधन उचलून त्यावर हवा तितका वेळ काम करी. माँटेसरी पद्धतीत प्रत्येक साधन बहुधा एकेकच ठेवलेले असते. दुसऱ्याचे काम संपेपर्यंत थांबावे लागते व आपले संपले की वस्तू जागच्या जागी ठेवावी लागते. थोरली व धाकटी मुले एकाच खोलीत असल्यामुळे चार वर्षांच्या मुलाची अडलेली गुंडी पाच वर्षांचे मूल लावून देऊ शकते. बाईंनी सांगावे, मग मदत करावी, असा प्रकार नाही. ज्या मुलाला कोणाच्या पुढे जायचे नसते व कोणाचे भय नसते, त्याचे लक्ष शेजारच्या मुलाकडे सहज जाते. या व्यवस्थेचे मर्म ते हेच.

अलीकडच्या शास्त्रीय संशोधनाने या विचारास पुष्टी दिली आहे. वार्नेकेन व टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखविले की, दीड वर्षाचे मूलसुद्धा अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू कोणी न सांगता उचलून देते. दोन वर्षांनी त्याच संशोधकांना असे आढळले की, मदतीबद्दल खेळण्याचे बक्षीस मिळालेली लहान मुले, बक्षीस न मिळालेल्यांपेक्षा पुढे कमी मदत करतात. चांगुलपणाचे बीज मुलात असतेच. वडीलधाऱ्यांनी त्यावर किमतीची चिठ्ठी लावू नये, एवढेच.

१९३६ मध्ये ताराबाईंच्या पुढाकाराने दादरला शिशुविहार सुरू झाले व मुंबईतील मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांना ही नवी दृष्टी मिळाली. १९३९ मध्ये गिजुभाई निवर्तले आणि संघाचा भार मुख्यत्वे ताराबाईंवर आला. नाव झाले होते, संस्था स्थिरावली होती. येथेच थांबल्या असत्या तरी त्यांचे कार्य थोरच ठरले असते. परंतु एक शल्य त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते. मादाम माँटेसरींनी १९०७ मध्ये रोम शहरातील गरीब कामगारवस्तीत पहिले बालगृह उघडले होते. भारतात मात्र ही पद्धत महागड्या साधनांपायी सुखवस्तू घरांतील मुलांपुरतीच राहिली होती. सारख्या घरांतील, सारख्या कपड्यांतील मुले एकमेकांशी प्रेमाने वागू लागली, हे चांगलेच झाले. पण ज्यांच्या अंगावर धड कपडा नाही त्या मुलांचे काय? त्यांच्याशी ही मुले कशी वागणार?

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून बोर्डीस गेल्या. बोर्डी तेव्हाच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यात, मराठी आणि गुजराती जेथे एकमेकींत मिसळतात अशा समुद्रकाठी आहे. त्याच वर्षी त्या भागातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. असा तो प्रदेश. तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. सोबतीस आल्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या व पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका असलेल्या अनुताई थोड्या दिवसांसाठी म्हणून आल्या आणि जन्मभर तेथल्याच झाल्या.

महागडी साधने बाजूस सारून शंखशिंपले, खडे, बिया, पाने आणि बांबू यांपासून नवी साधने तयार झाली. तरीही अडचण उरलीच. दलित वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येईनात. शतकानुशतके ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांना एके दिवशी आत बोलावले म्हणून ती कशी येणार? ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, पालकांनाही दिला नाही. त्यांनी शाळाच उचलली व वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालावी, नखे काढावीत, केस विंचरावेत, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणवाडी जन्मास आली ती अशी. दया शिकविणाऱ्याने प्रथम स्वतः चार पावले चालून जावे लागते, हे मुलांनी कोणी न सांगता पाहिले.

१९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या अधिक निकट गेले. तेथील मुले गुरे राखण्यास जात, म्हणून कुरणातच शाळा भरू लागली. सात-आठ वर्षांच्या मुली कडेवर भावंड घेऊन दिवसभर हिंडत. भावंड सोडून शाळेत कसे यायचे? तेव्हा पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. मला स्वतःला ताराबाईंच्या साऱ्या कार्यात ही योजना सर्वांत अर्थपूर्ण वाटते. कडेवरच्या भावाला सांभाळणाऱ्या त्या मुलीला माया कोणी शिकवावयास नकोच होती. शिकण्यासाठी ती माया दूर सारावी लागू नये, एवढीच सोय शाळेने करावयाची होती.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. त्यांच्या कल्पनेतील शब्द राष्ट्रीय योजनेचे नाव झालेला पाहण्यास त्या आणखी दोन वर्षे हव्या होत्या.

मायभूमीपासून दूर राहणारे आपण आपल्या मुलांना मराठी यावे, गणेशोत्सवात त्यांनी रंगमंचावर उभे राहावे, सणवार कळावेत, म्हणून झटतो. ते योग्यच आहे, मंडळाची पन्नास वर्षे त्याची साक्ष आहेत. परंतु मंडळाच्या दालनात एकमेकांशी गोडीने वागणारी आपली मुले शेजारच्या निराळ्या भाषेच्या मुलाशी, इमारतीच्या पहारेकऱ्याच्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाशी कशी वागतात, हेही पाहावयास हवे. भावनगरात गुजराती झालेल्या आणि वारली पाड्यांत वारल्यांच्या झालेल्या ताराबाई मराठीपणास मुकल्या नाहीत. पुढील वर्षीच्या बालमेळाव्यात दोन बक्षिसे कमी ठेवून मंडळाच्या अंगणात बाहेरची चार मुले बोलाविता आली, तर त्यांचे खरे स्मरण होईल. आणि ती मुले येण्यास बिचकली, तर आपला मेळावा त्यांच्या अंगणात न्यावा.