हेलिकॉप्टरवाले सिकॉर्स्की

४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीत नौदल दिन झाला. तेव्हा आमच्या माडांवरून हेलिकॉप्टरे गेली. तेव्हापासून मला वेड लागले. म्हणून मी इगोर सिकॉर्स्की यांची माहिती लिहीत आहे.

त्यांचा जन्म २५ मे १८८९ रोजी कीव्ह शहरात झाला. तेव्हा तिथे रशियाच्या झारचे राज्य होते. वडील प्राध्यापक होते. बारा वर्षांचे असताना त्यांनी रबराच्या पिळावर उडणारे लहान हेलिकॉप्टर केले. मी पण केले, पण माझे कौलाला लागून मोडले.

१९०९ साली त्यांनी मोठे हेलिकॉप्टर बांधले. ते काही उडेना. १९१० साली दुसरे केले. ते स्वतःचे वजन उचलायचे, पण माणसाला घेऊन उठेना. मग ते विमानांकडे वळले. एकदा इंजिनात डास अडकून त्यांचे विमान पडले. एवढासा डास! त्यानंतर १९१३ साली त्यांनी चार इंजिनांचे विमान उडवले. रशियात क्रांती झाल्यावर १९१९ साली ते अमेरिकेला गेले. तिथे गणित शिकवून पोट भरले.

शेवटी १४ सप्टेंबर १९३९ रोजी त्यांचे हेलिकॉप्टर जमिनीवरून उठले. ते स्वतःच चालवत होते. वरची पाती एका बाजूला फिरली की खालचा सांगाडा उलटा फिरू लागतो. ते थांबवायला त्यांनी शेपटीला लहान पंखा लावला. लग्नात फोटो काढायला ड्रोन येतो, त्याचे दोन पंखे सुलट आणि दोन उलट फिरतात, म्हणून त्याला शेपटी लागत नाही. पण लहान पंखे खूप जोरात फिरवावे लागतात. मोठी पाती हळू फिरून पुष्कळ हवा खाली ढकलतात, म्हणून तेवढेच वजन कमी शक्तीत उचलतात.

२९ नोव्हेंबर १९४५ रोजी अमेरिकेत वादळात एका बार्जवर दोन माणसे अडकली होती. सिकॉर्स्कींच्या भाच्याने हेलिकॉप्टर नेऊन त्यांना दोराने वर घेतले. २६ ऑक्टोबर १९७२ रोजी सिकॉर्स्की वारले.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले. बाबा रात्री होडी वर ओढायला गेले होते. आई दारातच बसून होती. होडी फुटली, बाबा आले. त्याच वादळात मुंबईकडे बार्जवरची माणसे नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरांनी उचलली. सी किंग मुळात सिकॉर्स्कींच्या कंपनीचे.

आता नवी होडी आहे. बाबा समुद्रात असले आणि हेलिकॉप्टरचा आवाज आला की आई हातातले काम टाकून अंगणात येते. मी पण जातो.

— इयत्ता ४ थी