परळच्या संस्थेमागचा माणूस

परळची हाफकिन संस्था मुंबईकरांच्या परिचयाची आहे. मात्र वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाची ससेहोलपट फारशी कुणाला ठाऊक नसते.

ओडेसा येथे १८६० साली ज्यू कुटुंबात जन्मलेल्या हाफकिन यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीवरील लस तयार केली. १८९२ मध्ये तिचा पहिला प्रयोग त्यांनी स्वतःवरच केला. पटकीचे माहेरघर असलेल्या बंगालमध्ये तिची कसोटी घेण्यासाठी पुढील वर्षी ते कलकत्त्यास आले.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईतील मांडवी भागात प्लेग उद्‌भवला. शहर ओस पडू लागले. सरकारने हाफकिन यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली व व्हरांडा, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्याच सामग्रीवर त्यांनी काम आरंभले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले आणि ते उष्णतेने मारून लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम त्यांनी स्वतः टोचून घेतली. पाठोपाठ भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा स्थिरावली.

याच यशाला १९०२ मध्ये ग्रहण लागले. पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सारे एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. अन्य बाटल्यांतील लस घेतलेल्यांना अपाय झाला नव्हता. तरीही ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. वैद्यकीय पदवी नसलेला हा परदेशी संशोधक अनेक गोऱ्या डॉक्टरांना आधीपासूनच खुपत होता.

बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेल्याची बाब चौकशीतील साक्षीत नमूद होती. तिच्याकडे लक्ष वेधून रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रातून आवाज उठविला. अखेर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले आणि कलकत्त्यास परतले. पण ज्या मुंबईसाठी जीव धोक्यात घातला, तेथील प्रयोगशाळा त्यांना पुन्हा लाभली नाही.

१९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. हा सन्मान पाहण्यास ते हयात होते. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. लसीवरील विश्वास उभा राहण्यास वर्षे लागतात आणि तो ढळण्यास एक बाटली पुरते, हा त्यांच्या आयुष्याने दिलेला धडा आजही विसरण्याजोगा नाही.