वसंतरावांचा पाइप

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात काही माणसे त्यांच्या हातातील एखाद्या वस्तूसह लोकांच्या स्मरणात राहिली. गाडगेबाबांचे नाव घेताच खराटा डोळ्यांपुढे येतो. वसंतराव नाईक म्हटले, की जुन्या पिढीला आठवतो तो त्यांचा पाइप. बेताचा सूट, शांत चेहरा आणि ओठांच्या कोपऱ्यात वा बोटांत धरलेला पाइप हे त्यांचे रूप वृत्तपत्रांतील छायाचित्रांनी घरोघरी पोहोचवले. खादी आणि गांधी टोपीच्या त्या काळात हे चित्र वेगळे होते. त्यातही हा माणूस बंजारा तांड्यावर जन्मलेला आणि स्वतःला आधी शेतकरी मानणारा. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न त्यांच्या विरोधकांना पडला, तसा अनेक चाहत्यांनाही पडला.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली येथे झाला. वडील फुलसिंग नाईक, आई होनूबाई. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणाऱ्या लमाण बंजाऱ्यांचा मूळ व्यवसाय रेल्वे व पक्क्या रस्त्यांनी हिरावून घेतला होता. तांडे एका जागी स्थिरावू लागले होते आणि नाईकांचे घराणे शेतीकडे वळले होते. तांड्यावर शाळा नव्हती. त्यामुळे वसंतरावांचे प्राथमिक शिक्षण गावोगावी फिरून झाले. आज वाशीम जिल्ह्यात असलेली पोहरादेवी आणि उमरी ही त्यांपैकीच गावे. पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे स्थान. बंजारा समाज तिला काशी मानतो. ज्या मुलाने पुढे इंग्रजी रिवाजाचे आयुष्य सहज अंगवळणी पाडले, त्याचे पहिले संस्कार असे तांडा आणि तीर्थ यांच्या सावलीत झाले.

नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यावर १९४० मध्ये ते कायद्याचे पदवीधर झाले. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या सहवासात त्यांनी वकिलीचे प्रारंभीचे धडे घेतले आणि पुढे पुसदला स्वतःची वकिली सुरू केली. १९४१ मध्ये नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बंजारा तरुण आणि ब्राह्मण तरुणी यांचा हा विवाह त्या काळी दोन्ही समाजांना पेलणारा नव्हता. दोघांनीही विरोध शांतपणे सोसला. वाद वाढवायचा नाही आणि निर्णयही बदलायचा नाही, हा वसंतरावांच्या स्वभावातील विशेष तेव्हाच दिसून आला.

पाइप हे व्यसन खरे, पण त्याची रीत विडी-सिगारेटीपेक्षा निराळी. मराठी मुलखाला तंबाखू नवी नाही. निपाणीची विडीची तंबाखू, वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या बंडीतील चुन्याची डबी, चावडीवरची चिलीम हे सारे ओळखीचे. पाइपची तंबाखू मात्र वेगळ्या परंपरेतून आली. इंग्रजी पद्धतीच्या मिश्रणात मुख्यतः तीन पाने असतात. पहिले व्हर्जिनिया. बंदिस्त कोठारात नळ्यांतून उष्णता देऊन सुकवलेले हे पान पिवळसर आणि चवीला गवताच्या गंजीसारखे गोडसर असते. आपल्याकडे आंध्रातील गुंटूर परिसरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून त्याची लागवड होत आली. दुसरे तुर्कस्तान, ग्रीस आणि बाल्कन प्रदेशातील लहान आकाराचे, उन्हात वाळवलेले पान. त्याला किंचित आंबूस आणि मसालेदार वास असतो. तिसरे लताकिया. सीरियातील बंदराचे नाव मिरवणारे आणि पुढे सायप्रसमध्येही तयार होऊ लागलेले हे पान लाकडांच्या व सुगंधी झुडपांच्या धुरीवर दीर्घकाळ टांगून काळे केले जाते.

मिश्रणाला धुराचा, जुन्या चामड्याचा आणि ओल्या लाकडाचा जो गंध येतो, तो या लताकियाचा. ब्रिटनमधील जुन्या कायद्यांनी तंबाखूत गोडवा आणि सुगंधी द्रव्ये मिसळण्यावर कडक निर्बंध घातले होते. त्यामुळे तेथील मिश्रण करणाऱ्यांना चव साधायची ती पानांच्या प्रमाणातूनच. लताकिया जास्त झाले, की बाकीची पाने मुकी होतात आणि कमी झाले, तर मिश्रण फिके पडते. जाणकार डबी उघडल्यावर आधी वास घेतो, चिमटीत धरून ओलावा पाहतो, मग पाइप भरतो. तळाशी सैल, वर किंचित घट्ट. पहिल्या काडीने वरचा थर फुलून येतो. तो हलकेच दाबून पुन्हा पेटवावा लागतो. पुढे सारे कसब संथपणाचे. घाईने ओढले, तर तंबाखू तापते, चव जाते आणि जीभ पोळते. सावकाश ओढले, तर आरंभीचा धुरकट वास मागे सरतो आणि मध्यावर व्हर्जिनियाचा गोडवा वर येतो. ही चव तोंडात घोळवायची असते. पाइप विझला, तर त्यात कमीपणा नसतो. राख सारखी करून तो पुन्हा पेटवायचा.

असा शौक करणाऱ्याजवळ सवड असावी लागते, निदान ती असल्याचा आभास तरी असावा लागतो. समोरचा तावातावाने बोलत असताना पाइप भरण्यात चार क्षण घालवता येतात आणि उत्तर न देताही ऐकत असल्याचे दाखवता येते. त्याच काळात ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांचा पाइपही जगभर ओळखीचा होता. विल्सन यांच्याप्रमाणेच वसंतरावांच्या पाइपचीही चर्चा झाली. खेड्यापाड्यांतील माणसाचा कैवार घेणाऱ्या मुख्यमंत्र्याला साहेबी थाट कशाला, असा टीकेचा सूर होता. त्या टीकेला त्यांनी शब्दांनी उत्तर दिले नाही आणि पाइपही लपवला नाही.

उत्तर द्यायचे होते ते कामातून. १९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्षपद, १९५२ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशाच्या विधानसभेत प्रवेश आणि महसूल खात्याचे उपमंत्रिपद, १९५६ नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात सहकार व शेती खाते, १९६० मध्ये महाराष्ट्राचे महसूल मंत्री अशी त्यांची वाटचाल झाली. लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी १९६० मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. नाईक समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला आणि त्याच्या आधारे १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा कारभार सुरू झाला. ग्रामीण महाराष्ट्रातील नेतृत्वाच्या पुढील पिढ्या याच संस्थांतून घडल्या.

यशवंतराव चव्हाण १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांच्यानंतर आलेले मारोतराव कन्नमवार २४ नोव्हेंबर १९६३ रोजी निवर्तले. ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतरावांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मराठा नेतृत्वाच्या वर्चस्वाखालील पक्षात विदर्भातील एका अल्पसंख्य समाजाचा हा माणूस फार काळ टिकणार नाही, असे अनेकांना वाटले होते. तो अकरा वर्षांहून अधिक काळ टिकला. राज्यात इतका काळ सलग मुख्यमंत्रिपद आजवर दुसऱ्या कोणाला लाभलेले नाही. मलबार हिलवरील वर्षा बंगल्याला मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान ही ओळखही त्यांच्याच काळात मिळाली.

देशावर अन्नटंचाईचे सावट असतानाचा तो काळ. अमेरिकेच्या गव्हावर देश जगत होता आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन करीत होते. १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोरील सभेत वसंतरावांनी दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही, तर आपल्याला जाहीरपणे फासावर चढवावे, असे सांगून टाकले. मोजके बोलणाऱ्या, सावध माणसाच्या तोंडून आलेले हे वाक्य सभेला हादरवणारे होते. त्यांची भिस्त होती संकरित बियाण्यांवर. देशातील पहिली संकरित ज्वारी १९६४ मध्ये प्रसारित झाली होती. त्याच वर्षी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. सरकारी यंत्रणा, बियाणे उत्पादक आणि शेतकरी यांना एका दिशेने चालवण्याचे काम मुख्यमंत्र्यांनी अंगावर घेतले.

येथे चवीचा प्रश्न पुन्हा आडवा आला, तोही अधिक कठीण रूपात. संकरित ज्वारीचे उत्पन्न भरघोस येई. पण गावरान ज्वारीच्या भाकरीची गोडी तिला नाही, कडबा गुरांना रुचत नाही आणि दाण्याला पावसात काळी पडण्याची खोड आहे, अशा तक्रारी खेड्यांतून येत राहिल्या. चवीचे मोल ओळखणाऱ्या वसंतरावांना या तक्रारी समजत नव्हत्या असे नाही. आधी ताटात भाकर असावी, मग तिच्या चवीचा विचार करता येईल, हा क्रम मात्र त्यांनी स्वीकारला होता. ज्वारीचे उत्पादन वाढले, तरी राज्याची तूट कायमची मिटली नाही. फाशीच्या शब्दाची आठवण विरोधक वारंवार करून देत राहिले.

बियाण्यांमागे संशोधन हवे, हे ओळखून त्यांनी कृषी विद्यापीठांचा पाया घातला. १९६८ मध्ये राहुरी, १९६९ मध्ये अकोला आणि १९७२ मध्ये परभणी व दापोली येथे विद्यापीठे आली. परभणीच्या विद्यापीठाला त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, २०१३ मध्ये, त्यांचेच नाव देण्यात आले. अकोल्याच्या विद्यापीठाला ज्या पंजाबरावांचे नाव आहे, त्यांच्याच सहवासात वसंतरावांची वकिली सुरू झाली होती.

१९७२ चा दुष्काळ ही त्यांच्या कारकिर्दीची सर्वांत मोठी परीक्षा. पाऊस सलग हुलकावणी देत होता, विहिरी आटल्या होत्या आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो रेशनच्या दुकानांत पोहोचत होती. सरकारने माणसांना फुकट धान्य देण्याऐवजी काम देण्याचे धोरण ठेवले. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडण्याची कामे राज्यभर निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसे अशा कामांवर होती. मुलांना आणि मजुरांना सुकडी वाटली गेली. इतक्या मोठ्या अवर्षणात भूकबळींचे तांडव टळले, याची नोंद पुढे जगभरातील अभ्यासकांनी घेतली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर आकाराला आली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे याच योजनेचा अनुभव होता.

त्यांच्या कारकिर्दीला सावल्याही होत्या. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेला त्यांनी मोकळे रान दिले, असा डाव्या पक्षांचा आरोप होता. मुंबईत शिवसेनेला थट्टेने वसंतसेना म्हटले जाई. बॅकबे रेक्लमेशनच्या भूखंडांवरून विधिमंडळात वादळे उठली. १९७२ मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना शेतकऱ्याला दराची हमी देण्यासाठी होती, पण पुढे ती तोट्यात रुतली. त्यांचा संथपणा काहींना संयम वाटे, तर काहींना टाळाटाळ. दिल्लीत सत्तेची समीकरणे बदलली, तेव्हा फेब्रुवारी १९७५ मध्ये त्यांनी पद सोडले आणि शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. बंडाचा सूर त्यांनी लावला नाही.

दोनच वर्षांनी त्यांचे नाव वाशीमशी अधिक घट्ट जोडले गेले. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर भारतात काँग्रेसची धूळधाण उडाली असताना वसंतराव वाशीम मतदारसंघातून निवडून आले. ज्या परिसरात लहानपणी त्यांनी मुळाक्षरे गिरवली, त्याच परिसराने त्यांना उतारवयात संसदेत पाठवले. मतदारांना त्यांचा पाइप ठाऊक होता आणि तांडाही. त्यांनी दोहोंत विसंगती शोधली नाही. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे वसंतरावांचे निधन झाले. मृत्युसमयी ते वाशीमचे खासदार होते.

तंबाखू कोणत्याही रूपात घातकच. पाइपचा धूर छातीत घेतला नाही, तरी तोंड, घसा आणि फुप्फुसांच्या कर्करोगाचा धोका टळत नाही, हे आज निर्विवाद आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून देशात सार्वजनिक जागी धूम्रपानाला कडक बंदी आली. पाइप ओढत लोकांत वावरणारा मुख्यमंत्री आज दिसणे शक्य नाही आणि ते योग्यही आहे. पण त्या पाइपवरून वसंतरावांना साहेब ठरवणाऱ्यांनी एक गोष्ट नजरेआड केली. आवडीनिवडी परक्या असल्या, म्हणून माणसाची मुळे परकी होत नाहीत. त्यांची मुळे गहुलीच्या काळ्या मातीत होती.

१ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो. अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला, तोही १ जुलै १९९८ रोजी. त्या सुमारास या जिल्ह्यात पेरण्यांची धांदल असते आणि शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. पावसाने दगा दिला, तर कामाचा आणि धान्याचा आधार कोठून मिळणार, हा प्रश्न आजही तेथे विचारला जातो. वसंतरावांनी त्याचे उत्तर बियाणे, विद्यापीठे आणि हाताला काम यांत शोधले होते. ते अपुरे होते, पण त्यासाठी त्यांनी आपला शब्द जाहीरपणे पणाला लावला होता.