तलवार ठेवून वीणा घेतली! माउलींच्या पालखीला शिस्त लावणारे हैबतबाबा आणि आपल्या अंकलीचे घोडे

चिकोडी : ज्येष्ठ महिना लागला की अंकलीत शितोळे सरकारांच्या वाड्यावर गडबड सुरू होते. माउलींचे दोन अश्व आळंदीला निघायचे असतात. मिरज, सांगली, कराड, सातारा असं करत सुमारे ३०० किलोमीटर वाट तुडवायची आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या प्रस्थानाला आळंदीत हजर व्हायचं. दहा-अकरा दिवसांचा हा प्रवास पायीच होतो. घोडे आपल्या जिल्ह्यातून का जातात, हे मात्र आजच्या पोरांना विचारलं तर फार थोड्यांना सांगता येतं. त्याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. त्याचं नाव हैबतराव पवार आरफळकर, म्हणजेच वारकऱ्यांचे गुरू हैबतबाबा.

शिंद्यांच्या चाकरीतला सरदार

हैबतराव मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळ गावचे. हे गाव कृष्णाकाठचं. त्या काळात मराठी मुलखातली कर्ती माणसं नशीब काढायला उत्तरेत जात. हैबतरावही ग्वाल्हेरला शिंद्यांच्या दरबारी चाकरीला होते. तिथे त्यांना मान मिळाला, पैसा मिळाला. चार माणसांवर हुकूम चालवायचा, लष्कर हलवायचं, तळ टाकायचा, शिधा-वैरणीची सोय बघायची, ही सगळी कामं अंगवळणी पडली. पुढे हाच अनुभव वारीच्या कामी येणार होता.

बरीच वर्षं चाकरी झाल्यावर कमाई घेऊन ते गावाकडे निघाले. वाटेत सातपुड्याच्या रानात लुटारूंच्या टोळीने त्यांना गाठलं. पुढची हकीकत वारकरी परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते ती अशी. टोळीने सगळा ऐवज काढून घेतला आणि हैबतराव व त्यांच्या माणसांना एका गुहेत कोंडून तोंडावर शिळा लावली. सुटकेची आशा नव्हती. हैबतरावांनी ज्ञानेश्वर माउलींचा हरिपाठ सुरू केला. अन्नपाण्यावाचून तो २१ दिवस चालला. एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकाला मुलगा झाला. आनंदाच्या भरात त्याला कोंडलेल्यांची आठवण झाली. शिळा काढून बघतात तर एक माणूस अजून नामात दंग! नायक वरमला. त्याने ऐवज परत केला आणि सगळ्यांना वाटेला लावलं.

हैबतरावांनी मात्र मनाशी ठरवलं, की हा जन्म आता आपला नाही, माउलींनी परत दिलेला आहे. आरफळला घरची माणसं वाट बघत होती, तरी ते थेट आळंदीला गेले. सरदारकी तिथेच संपली. समाधी मंदिरात रोज शेजारतीपर्यंत भजन करत उभं राहायचं, हाच त्यांचा दिनक्रम झाला.

वाद मिटेना, म्हणून वेगळी पालखी

पंढरीची पायी वारी ज्ञानेश्वर माउलींच्याही आधीपासूनची. तिला पालखीचं रूप दिलं ते तुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी, १६८५ साली. देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन ते आळंदीला येत, तिथे माउलींच्या पादुका सोबत घेत आणि एकच पालखी पंढरपूरला जाई. पुढे दीडशे वर्षांत देहूकर वंशजांमध्ये पालखीच्या हक्कांवरून कुरबुरी वाढल्या. सोहळा कुणाचा आणि मान कुणाचा, हा तंटा काही मिटेना. देवाच्या दारातला वाद हा भावकीच्या बांधावरच्या वादासारखाच असतो. एकदा पेटला की वारकरी बाजूला राहतो.

हैबतबाबांनी या भांडणात बाजू घेतली नाही. आळंदीहून माउलींची पालखी स्वतंत्र काढायची, असं त्यांनी ठरवलं. ही सुरुवात १८३२च्या सुमाराची सांगितली जाते. निर्णय सोपा नव्हता. दीडशे वर्षांची रीत मोडली असा ठपका बसला असता. शिवाय पालखी काढायची तर खर्च आला. तंबू, जनावरं, नैवेद्य, वाटेतला बंदोबस्त, एवढं सगळं एका विरक्त माणसाने आणायचं कुठून?

अंकलीकरांनी दिलेला शब्द

इथे जुनी ओळख उपयोगी पडली. अंकलीचे शितोळे सरकार हे शिंदे दरबारातलं मातब्बर घराणं. हैबतबाबांनी शब्द टाकला आणि शितोळ्यांनी माउलींसाठी घोडे, तंबू आणि नैवेद्याची सेवा पत्करली. भजनाची बाजू खंडोजी वासकर, सुभानजी शेळके, आजरेकर अशा मंडळींनी सांभाळली. खर्चाची तोंडमिळवणी झाली आणि पालखी निघाली.

मग बाबांमधला जुना लष्करी माणूस जागा झाला. सोहळ्याची सगळी बांधणी एखाद्या फौजेसारखी आहे. पुढे जरीपटका घेतलेला स्वाराचा घोडा, मग माउलींचा घोडा. या दुसऱ्या घोड्यावर कुणी बसत नाही, त्यावर स्वतः माउली असतात अशी श्रद्धा. त्यांच्यासोबत दिंड्या, प्रत्येकीचा क्रम ठरलेला. आजही रथापुढे २७ मानाच्या दिंड्या चालतात, बाकीच्या मागे. निघायची वेळ कर्णा वाजवून कळवायची, मुक्काम ठरलेले, कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे तेही ठरलेलं. ही भजनाची मालिका लावून दिली ती बाबांनीच, असं वारकरी मानतात.

मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार जाऊन गाऱ्हाणं ऐकतो, निवाडा होतो, मगच आरती. हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकाराही तिथेच होतो. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटरची वाट, वर दिवेघाटाची चढण, नीरेचं स्नान, ऊन-पाऊस. तरी लाखोंचा जमाव रोज ठरल्या ठिकाणी पोचतो, तो या शिस्तीमुळे.

पायरीची जागा

१८३६ साली हैबतबाबांनी आळंदीतच देह ठेवला. आपण वारकऱ्यांच्या पायाखाली असावं, येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांची धूळ अंगावर पडावी, अशी त्यांची इच्छा होती, असं सांगतात. त्याप्रमाणे समाधी मंदिराच्या महाद्वारातच त्यांची पायरी आहे. एकेकाळी ज्याच्यापुढे लोक मुजरा करत, त्याने कायमची जागा घेतली ती उंबऱ्यापाशी. कार्तिक वद्य अष्टमीला या पायरीचं पूजन होतं आणि मगच आळंदीची कार्तिकी यात्रा सुरू होते.

आरफळकर घराण्याकडे आजही पालखी सोहळ्याच्या मालकीचा मान आहे. प्रस्थानावेळी पादुका त्यांच्या हाती दिल्या जातात. आणि तंबू, नैवेद्य, घोडे ही सेवा अजून शितोळे सरकारांची. मधे संस्थानं गेली, कंपनी सरकार गेलं, १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या आणि अंकली एका राज्यात, आळंदी-पंढरपूर दुसऱ्या राज्यात गेलं. बाबांना दिलेला शब्द मात्र कुठल्या राज्याच्या हद्दीत अडकला नाही. रिंगणात माउलींचा अश्व दौडतो तेव्हा त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं झुंबड करतात. तो घोडा महिनाभर आधी अंकलीच्या वेशीतून निघालेला असतो.