मशालजी आणि शिलालेख

चिटगुप्प्याजवळचे निर्णा हे माझे आजोळ. निजामी अमलातले ते गाव. घरात मराठी, अंगणात कन्नड आणि कचेरीत उर्दू असा तिथला रिवाज. उन्हाळ्याच्या सुटीत देवळासमोरच्या पटांगणात रात्रभर बसवेश्वरांचे कन्नड नाटक चाले आणि त्यात बिज्जळ राजाचे काम माझे थोरले मामा करीत. पहाटेच्या सुमारास दोन मशालजी पुढे येत, मशाली खाली टाकीत आणि राजाच्या छातीत कट्यार खुपसत. लोक टाळ्या वाजवीत. दुसऱ्या दिवशी मामांनी हातावर ठेवलेला लाडू मी घेतला नाही, कारण त्यांनीच हरळय्याला हत्तीच्या पायाला बांधले होते! पुढे मी हैदराबादला मास्तर झालो आणि इतिहासाच्या तासाला वर्षानुवर्षे हीच हकीकत सांगत आलो. एकदा एका मुलाने सहज विचारले की हे कोणत्या शिलालेखात आहे. मला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यात माझी पेन्शनीतली बरीच वर्षे गेली आहेत.

बसवेश्वरांचा जन्म बागेवाडीचा, आताच्या विजापूर जिल्ह्यातला. साल 1105 धरावे की 1131, यावर पंडितांचे एकमत नाही. वडील मादरस आणि आई मादलांबिका, घराणे शैव ब्राह्मणांचे. आठ वर्षांचा बटू मुंजीच्या मांडवात बापाशी वाद घालतो आणि जानवे नाकारतो, हा प्रवेश प्रत्येक नाटकात असतो आणि तो रंगतोही. त्याचे मूळ पाल्कुरिकी सोमनाथाच्या तेलुगु बसवपुराणात आहे. पण हरिहर कवीचे कन्नड चरित्र सर्वांत जुन्यांपैकी समजले जाते. त्यात आईबाप लहानपणीच वारतात, आजी मुलाला वाढवते आणि जाणत्या वयात आल्यावर तो स्वतःच्या हाताने जानवे तोडून घर सोडतो. बापाशी वाद नाही, कारण बापच नाही. मला विचाराल तर हा पोरका, मुकाट्याने निघून जाणारा तरुण त्या वाचाळ बटूपेक्षा मनात अधिक घर करतो. तरीही नाटकवाल्यांनी त्याला कधी रंगमंचावर आणला नाही.

तो गेला कूडलसंगमाला, जिथे कृष्णा आणि मलप्रभा मिळतात. तिथल्या संगमनाथाचे नाव पुढे त्याच्या प्रत्येक वचनाची मुद्रा झाले. तिथून तो मंगळवेढ्यास आला. आपण मराठी माणसे मंगळवेढे म्हटले की दामाजीपंत आणि चोखोबा आठवतो. पण त्यांच्या कितीतरी आधी बसवेश्वर तिथे हिशेबनीस म्हणून राबले होते. मांडलिक कलचुरी बिज्जळाचे ते ठाणे. हिशेबातल्या चोख कामावर ते भांडाराचे अधिकारी झाले. पुढे बिज्जळाने चालुक्यांची गादी बळकावली आणि त्यांच्या मागोमाग बसवेश्वरही कल्याणला आले. गंगांबिका आणि नीलांबिका या त्यांच्या दोन पत्नी. त्यांच्या घरी चांभार, परीट, नावाडी, दोरखंड वळणारे असे सगळे एका पंक्तीला बसू लागले. कष्टाची कमाई करावी आणि ती वाटून खावी, एवढ्या दोन गोष्टींवर त्यांनी एक नवा समाज उभा केला. अल्लमप्रभू, अक्कमहादेवी, चेन्नबसव ही माणसे त्यातली.

आता तो विवाह. हरळय्या चांभाराचा मुलगा आणि मधुवय्या ब्राह्मणाची मुलगी यांचे लग्न लागले, राजाने दोन्ही बापांना हाल हाल करून मारले आणि शरणांनी राजाचा सूड घेतला, ही कथा आपण सारे जाणतो. सोमनाथाच्या पुराणात मात्र राजा दोन भक्तांचे डोळे काढवतो आणि त्यामागे लग्नाचे कारण नाही. लग्नाची कथा नंतरच्या ग्रंथांतून फुलली. हरिहराचे चरित्र आज अपुरे मिळते. त्यात हा भाग नाहीच. उलट जैन परंपरेतल्या, कित्येक शतकांनंतरच्या एका चरित्रात बसवेश्वरच राजाला विष घालवितात! कलचुरींचे शिलालेख या दोघांनाही साथ देत नाहीत. त्यांच्याप्रमाणे बिज्जळाने 1167-68 च्या सुमारास गादी आपल्या मुलाला, सोविदेवाला दिली. त्यानंतर कलचुरींचे राज्य आणखी पंधरा-सोळा वर्षे चालले. नाटकात कल्याण त्याच रात्री जळून खाक होते. बसवेश्वर संगमाला परत गेले आणि तिथेच लिंगैक्य झाले, असे शरणांची परंपरा सांगते.

तरुणपणी मी सिंकिएविचची ‘क्वो वादिस’ ही कादंबरी इंग्रजीतून वाचली होती. 1896 सालची ही कादंबरी पोलिश लेखकाची, पण जगभर गाजलेली. रोमच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळींचे तिने जगाच्या मनात जे चित्र उभे केले, ते अजून पुसले गेलेले नाही. इ. स. 64 च्या आगीनंतर नीरोने ख्रिस्ती लोकांवर आळ घेऊन त्यांचा छळ केला, हे रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवले आहे. पण त्यातले प्रेमी युगुल लेखकाच्या कल्पनेतले, आणि रोम सोडून निघालेल्या पीटरला वाटेत ख्रिस्त भेटतो तो प्रसंग दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या एका भाविक कथेतला, जिला बायबलात जागा मिळाली नाही. वाचकाला हे तीन धागे वेगळे दिसत नाहीत. आमच्या पटांगणातही दिसत नव्हते.

कादंबरीकाराने कल्पना लढवू नये, असे मी म्हणत नाही. गिरीश कर्नाडांच्या ‘तलेदंड’मधला बिज्जळ मला माणूस वाटला, तो माझ्या मामांच्या बिज्जळासारखा राक्षस नव्हता. परंतु कल्पना कुठवर जावी याचा झगडा आपल्या भागात कोर्टापर्यंत गेला. पी. व्ही. नारायण यांची ‘धर्मकारण’ ही कन्नड कादंबरी 1995 मध्ये निघाली. चेन्नबसवांच्या जन्माविषयीच्या आणि त्यांच्या आईविषयीच्या मजकुरावरून 1997 मध्ये कर्नाटक सरकारने तिच्या प्रती जप्त करण्याचा हुकूम काढला आणि 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. कादंबरीच्या बाजूने किंवा विरुद्ध रस्त्यावर उतरलेल्यांपैकी किती जणांनी हरिहर वाचला होता, कोण जाणे. जप्तीने हा प्रश्न सुटत नाही असे मला वाटते. तो जुने ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून वाचण्यानेच थोडाबहुत सुटतो.

त्या मुलाचे उत्तर मला अखेर अर्धे सापडले. बेळगाव जिल्ह्यात हुक्केरीजवळ अर्जुनवाड येथे देवगिरीच्या यादवांच्या अमलातला, 1260 सालचा शिलालेख आहे. त्यात बसवेश्वरांचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव, पुढच्या पिढ्यांसह, कोरलेले आहे. मशालजी त्यात नाहीत. तो मुलगा आता स्वतः आजोबा झाला असेल. त्याचा पत्ता मिळाला तर त्याला हे कळवायचे आहे.