दादासाहेबांचा छंद आणि सरस्वतीबाईंचा हातभार

पुस्तक आवडते की सिनेमा, पत्ते आवडतात की भरतकाम, ही चौकशी आपल्यात हळदीकुंकवाच्या निमित्ताने नेहमी होते. छंद म्हणजे रिकामपणची करमणूक, अशी समजूत असल्यामुळे ती चौकशी तेवढ्यावरच थांबते. परंतु घरातील एखाद्या माणसाचा छंद इतका वाढला की अंगावरचे दागिने पणाला लागावेत, तर त्या घरातील स्त्रीने काय करावे? भारतीय चित्रपटाचे जनक कै. दादासाहेब फाळके यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न पावलोपावली पुढे येतो.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांना अध्यापनाचे काम मिळाले आणि बिऱ्हाड मुंबईस आले. १८८५ साली धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम आणि छायाचित्रण यांचे शिक्षण त्यांनी घेतले. जादूचे प्रयोग करण्याचाही त्यांना भारी नाद. आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते प्रयोग करीत! गोध्र्यास त्यांनी फोटोचा स्टुडिओ काढला. परंतु प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यातली. माहेरची गिरिजा सासरी सरस्वती झाली.

पुराणवस्तू खात्यातील सरकारी नोकरी दादासाहेबांनी स्वदेशीच्या चळवळीच्या काळात सोडली आणि छापखाना काढला. रंगीत छपाईत नावलौकिकही मिळविला. पुढे भागीदारांशी पटेना, म्हणून तेही सोडले. चाळिशी उलटलेली, पदरी मुले, आणि हाती उद्योग नाही, अशा वेळी १९११ साली ईस्टरच्या दिवसांत गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पत्नीलाही सोबत नेऊन दाखविला. आपल्या राम-कृष्णांच्या कथा अशाच पडद्यावर दिसाव्यात, या विचाराने त्यांना पछाडले.

त्यानंतर रोज सिनेमा पाहणे, रात्ररात्र जागून पुस्तके वाचणे आणि लहानशा यंत्रावर प्रयोग करीत बसणे, असा क्रम सुरू झाला. झोप उडाली, डोळ्यांवर ताण येऊन दृष्टी जाण्याची वेळ आली. औषधोपचाराने ती परत आली. मग विम्याच्या पॉलिशी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते विलायतेस निघाले. परत आल्यावर कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरून रोप कसे वाढते याचे त्यांनी थोडथोड्या वेळाने चित्रण केले. काही दिवसांची वाढ पडद्यावर क्षणार्धात दिसली. ते पाहून भांडवल देणारा सावकार मिळाला, तरी घरचे दागिनेही या कामी लागलेच. सरस्वतीबाईंनी ते काढून दिले.

बहुतेक चरित्रे येथे त्यांच्या त्यागाची वाहवा करून पुढे सरकतात. पण त्यांचा वाटा दागिन्यांपुरता नव्हता. त्या काळी कोरी फिल्म येई तिला कडेची भोके नसत. ती अंधारात एकेक पाडावी लागत. हे किचकट काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुण्याची रसायने तयार करणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे, हेही त्यांनीच केले. शिवाय दादरच्या त्या बिऱ्हाडात साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक! ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्यात तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटाने केली, कारण त्या कामाला स्त्री मिळेना. पडद्यावर स्त्री नव्हती. पण पडद्यामागे एक स्त्री दिवसरात्र राबत होती.

पुढे ‘लंका दहन’ (१९१७) ला अमाप गर्दी लोटली. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी बालकृष्ण झाली. पण भागीदारांशी मतभेद पुन्हा झाले. बोलपट आल्यावर काळ बदलला. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेब निवर्तले, तेव्हा त्यांच्याजवळ संपत्ती उरली नव्हती. १९६९ पासून त्यांच्या नावाने सरकार पुरस्कार देते. पहिला मान देविकाराणी या स्त्रीला मिळाला. आपल्या गोरेगावच्या चित्रनगरीलाही त्यांचेच नाव आहे.

भगिनींनो, सरस्वतीबाईंनी दागिने दिले म्हणून प्रत्येकीने द्यावेत, असे मुळीच नाही. त्यांच्या संसाराला या छंदाची झळ पुष्कळ लागली, हे विसरून चालणार नाही. परंतु त्या नुसत्या सोसत बसल्या नाहीत. पतीचा छंद त्यांनी स्वतःची विद्या करून घेतली, हे विशेष. आता उलट बाजूनेही विचार करावा. आपल्यापैकी कुणाला वाचनाची, कुणाला पेटीची, कुणाला बुद्धिबळाची आवड असते. संध्याकाळी तासभर त्यासाठी बसायचे, तर कुकर कोण लावणार, या प्रश्नाशी ती आवड अडते. दादासाहेबांच्या घरी त्यांच्या छंदासाठी सगळे घर उभे राहिले. आपल्या घरी आपल्या छंदासाठी निदान एक माणूस उठून कुकर लावील, एवढे मागायला संकोच कशाला?